डोलकाठीचा सांधा

९ जून २०२५, सोमवार

आज पोल्ट्रीची शेड धुऊन काढली. कोंबड्या जाऊन वर्ष झालं, तरी भिंतींतून वास येतच होता. मी पाणी मारत होते आणि सासूबाई खराटा चालवत होत्या. अक्कांची सत्तरी झाली, पण मानसिंगचं नाव काढलं की त्यांच्या खराट्याला जोर येतो. "घास, घास," म्हणाल्या, "त्या मुडद्याचं त्वांड हाय असं समज."

शेड पन्नास फूट लांब आहे. मला होडी करायचीय चौदा फुटांची आणि तिची डोलकाठी एकवीस फुटांची. जागा पुरते.

पहिल्यापासून लिहून ठेवते, म्हणजे डिसेंबरात जे व्हायचं ते झाल्यावर कुणी म्हणायला नको की छायाच्या डोक्यावर परिणाम झाला होता. किकवीला मानसिंगच्या होड्यांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं काम केलं. आधी फायबर, मग कार्बन. साच्यात कार्बनचं काळं कापड अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं. घट्ट झालं की लोखंडासारखं ताठ होतं आणि उचलायला सुपासारखं हलकं. माझ्या हाताला सर नाही, असं मानसिंगच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. प्रेम, म्हणजे माझा नवरा, सैन्यात सॅपर होता, पूल बांधणाऱ्या तुकडीत. शिडाची होडी तो तिथंच शिकला. (तोंडानं मी त्याचं नाव घेत नाही. इथं घेते.) कारखान्याची नवी होडी पाण्यात उतरली की पहिली फेरी प्रेम मारायचा.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, भाटघर धरणाच्या पाण्यावर, अशाच पहिल्या फेरीत डोलकाठी मधल्या सांध्यातून निखळली आणि वरचा भाग प्रेमच्या उजव्या हातावर आला. कोपराखाली हात आहे, पण बोटं मिटत नाहीत. सहाव्या दिवशी मानसिंग दवाखान्यात आला, दार लावून प्रेमशी बोलला, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "छायाबाई, उद्यापासनं येऊ नका." कारण विचारलं तर खाली बघत निघून गेला.

कारण मला ठाऊक आहे. रेझिनच्या पिंपावरची तारीख उलटली होती. मी त्याला दाखवली होती. "चालतंय," म्हणाला. तुटलेल्या काठीचा वरचा भाग माझ्याकडे आहे. त्यातून सांधा जोडणारी आतली नळी बाहेर आलीय, ती धुतल्यासारखी स्वच्छ. गोंदाचा कणसुद्धा धरलेला नाही. गोंद त्याच रेझिनचा कालवतात, म्हणजे जुन्या रेझिनचंच काम. आणि जी बाई हे चारचौघांत सांगू शकली असती, तिला त्यानं घरी बसवलं.

१४ डिसेंबरला धरणावर शर्यत आहे. दर वर्षी मानसिंग जिंकतो. यंदा माझ्या हातची होडी त्याला मागं टाकेल, आणि सगळ्यांसमोर मी त्याला विचारीन. होडीचं नावही ठरलंय. 'जाब'.

२४ जून, मंगळवार

प्रेमनं आराखडा काढून दिला. डाव्या हातानं काढतो, रेघ थरथरते, मग खोडतो आणि पुन्हा काढतो. पेन्सिल गुडघ्यात धरून तासतो. मी चहा घेऊन गेले तेव्हा विचारलं, "तुम्हाला वाटत नाही का हो, त्याला धरून त्याच पाण्यात बुडवावा?"

"होडी चांगली होऊ दे," म्हणाला. "बाकीचं बघू."

"बाकीच्यासाठीच तर होडी आहे."

"हं," म्हणाला आणि खोडरबर शोधायला लागला.

ज्याचा हात गेला त्याला माझ्या दुप्पट राग असायला हवा. सैन्यात माणसाला ऑर्डर ऐकायची सवय लागते, तेच नडतं बहुतेक. असू दे. माझा राग दोघांना पुरेल.

१३ जुलै, रविवार

जवळजवळ तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, नुसतं सगळं ओलं होत होतं. पावसाच्या हवेत रेझिन बिघडतं. शेवटी शेडच्या आत ताडपत्रीची दुसरी खोली केली, चार मोठे बल्ब लावले, आणि आतली हवा कोरडी झाल्यावरच कापडाची गुंडाळी उघडली. आज बुडाचे थर टाकले. मग सगळ्यावर प्लॅस्टिक चढवून कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि पंपानं आतली हवा ओढली. कुठंतरी बारीक शिट्टी वाजत होती. हवा गळत होती. मी डोळे मिटून कान लावून साच्याभोवती रांगत गेले आणि जागा सापडली. अंगठ्यानं दाबली, शिट्टी थांबली. प्लॅस्टिक कापडाला असं घट्ट बसलं की प्रत्येक धागा दिसायला लागला. किती दिवसांनी मला गाणं म्हणावंसं वाटलं.

दुपारी रत्ना आली. ती अजून मानसिंगकडेच कामाला आहे, पण सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. म्हणाली, "मानसिंगदादा तुझी चौकशी करत होते गं. होडीत काय काय झालं, काठी कधी करणार."

"करू दे. भ्यालाय."

रत्ना सँडपेपर घेऊन कड घासत बसली.

२ ऑगस्ट, शनिवार

भोरच्या एसटी स्टँडवर आज समोरच आला. मी सँडपेपर आणि हातमोजे घेऊन निघाले होते. तीन वर्षांत केस पांढरे झालेत त्याचे. मला बरं वाटलं.

"छायाबाई, ऐकलं होडी बांधताय."

"ऐकलंत ते खरं आहे."

"डोलकाठी कोण करतंय?"

"कोण करतंय म्हणजे? मीच."

तो थांबला. मग म्हणाला, "सांध्याच्या वेळी प्रेमला शेजारी उभं करा."

भर स्टँडवर! प्रेमचा हात याच्या पिंपानं खाल्ला, आणि हा मला सांगतो सांधा कसा करायचा! मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं नाव तुमच्या तोंडात शोभत नाही." चार बायका वळून बघायला लागल्या. त्यानं मान खाली घातली. एसटीत बसल्यावर तेच वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. डिसेंबरात हेच करायचंय, फक्त जास्त लोकांसमोर.

३१ ऑगस्ट, रविवार

होडी साच्यातून निघाली! पाचर ठोकत ठोकत गेले, आणि एकदम मोठ्या ढेकरासारखा आवाज करून सुटली. काळी, चकचकीत. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अक्का. उचलल्याबरोबर अक्का दचकल्या.

"आगं, ही कागदाची हाय का काय? मानूस बसल का हिच्यात?"

"दोन बसतील."

"कोन कोन?"

तेव्हा लक्षात आलं की हे ठरलंच नव्हतं. सुकाणू प्रेम धरेल, डाव्या हातानं. पण शिडाचा दोर ओढायला दुसरं माणूस लागतं. मी म्हटलं, "मी बसणार." मला जेमतेम पोहता येतं. प्रेमनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शिकवतो."

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. भंतेजी वैर या विषयावर बोलायला लागले. मला वाटलं अक्कांनीच त्यांना सांगून ठेवलं, पण अक्कांचाही चेहरा पडला होता. मी चपला नीट आहेत का बघायला बाहेर आले आणि खीर वाटेपर्यंत बाहेरच थांबले. येताना अक्का म्हणाल्या, "भंतेजींचं बराबर हाय. पर त्यांनी मानशिंग बगितला न्हाई."

१२ ऑक्टोबर, रविवार

आज डोलकाठीचा सांधा केला आणि आजच भांडण झालं.

काठी दोन तुकड्यांत असते. जोडायला दीड फुटाची आतली नळी. अर्धी वरच्या तुकड्यात जाते, अर्धी खालच्या, आणि गोंदानं पक्की होते. सगळा भार त्या दीड फुटावर. नळी करताना ती ओली असतानाच वरून पांढरं कापड दाबून बसवतात. कारखान्यात त्याला पील प्लाय म्हणतात. गोंद लावायच्या आधी ते सोलून काढलं की खाली ताजी, खरखरीत बाजू मिळते आणि गोंद धरतो. रेझिन प्यायलेलं कापड दिसत नाही, काळ्यावर काळंच वाटतं. नवी आलेली बाई हमखास विसरते. म्हणून मी नव्या बायकांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

मी गोंद कालवला, आणि प्रेम येऊन उभा राहिला. "कापड काढलंस?"

"काढलं."

"खालच्या बाजूचंपण?"

"दोन्ही बाजूंचं. आता तुम्ही मला शिकवणार का?"

त्यानं टॉर्च दातांत धरली, नळी मांडीवर घेतली, आणि डाव्या अंगठ्याचं नख सगळीकडून फिरवलं. एकदा नाही, दोनदा. इकडे गोंद गरम व्हायला लागला, म्हणजे वाया चालला.

"चौदा वर्षं केलंय मी हे!" मी ओरडले.

"माहितेय," म्हणाला, आणि टॉर्चनं पुन्हा एकदा बघितलं.

मानसिंगचं बोलणं याच्या कानावर गेलं असेल, आणि बायकोपेक्षा त्याच्यावर विश्वास बसला, याचंच वाईट वाटलं. गोंद दुसरा कालवावा लागला. रात्रीचं जेवण कुणी कुणाला वाढलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पाण्यात उतरवली. टेम्पोतून काठापर्यंत नेली. धरण काठोकाठ भरलंय. शीड चढवलं आणि वारा लागला तेव्हा होडी अशी निघाली की मी दोन्ही हातांनी कड धरली. प्रेम मागून सांगत होता. "ओढ. अजून ओढ. आता ढील दे." मी ओढत होते आणि ढील देत होते. मध्येच मागं वळून बघितलं. तो हसत होता. तीन वर्षांत मी त्याचे दात असे बघितले नव्हते. पण त्याचं लक्ष पुढं नव्हतं. डोलकाठीच्या मध्यावर होतं, सांध्यावर, सारखं.

या होडीपुढं मानसिंगची होडी म्हैस आहे. त्याला आम्ही धरणात गाडणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

नुसतं जिंकून भागणार नाही. शर्यतीच्या मांडवात तुटलेली काठी उभी करायची असं मी ठरवलं. वरचा भाग माझ्याकडे आहेच, खालचा मानसिंगकडे. दोन्ही शेजारी ठेवले की शेंबडं पोरसुद्धा सांगेल की गोंद धरलाच नव्हता. म्हणून किकवीला गेले. फाटकातच अडवलं त्यानं.

"खालचा तुकडा द्या."

"नाही."

"माझ्या नवऱ्याचा हात मोडलाय त्यानं. माझा हक्क आहे."

"छायाबाई, मी पाया पडतो. तो तुकडा मागू नका."

पाया पडतो! चोर पाया पडायला लागला म्हणजे चोरी सिद्धच झाली. घरी येऊन सांगितलं तर अक्कांनी कडाकडा बोटं मोडली. प्रेम उठून गोठ्यात गेला. म्हशीनं वैरण खाल्ली की नाही बघतो म्हणाला. ती कधीच खाऊन बसली होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मानसिंग दिवसभर पुण्याला गेला होता. रत्नाला फोन करून मी कारखान्यात गेले. ती नको नको म्हणत होती, पण मी ऐकत नाही म्हटल्यावर माळ्याची शिडी धरली. "छाया, वर नको गं जाऊस," म्हणाली. मला वाटलं, नोकरी जाईल म्हणून भिते.

खालचा तुकडा गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडाशी धरला. आत बोट घातलं. गोंद होता. भरपूर होता, दगडासारखा. आणि गोंदाला आतून अस्तरासारखं काहीतरी चिकटलेलं. नखानं टोक उचललं. पांढरं कापड.

वर-खाली कळावं म्हणून मी प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यावर निळ्या पेननं लिहिते. कोपऱ्यावर लिहिलं होतं, 'खाली. छा.' माझंच अक्षर.

गोंदानं ते कापड असं धरलं होतं की ओढून सुटेना. रेझिनला काही झालं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

काल अंथरुणातून उठले नाही. तो सांधा केला तो दिवस आठवून बघितला. आठवत नाही. काय भाजी नेली होती डब्यात, शेजारी कोण होतं, काहीच नाही. वरच्या बाजूचं कापड सोललं आणि खालचं राहिलं, यांच्या मध्ये काय झालं असेल? कुणी हाक मारली असेल का? नेहमीच्या दिवसासारखा दिवस असणार.

आज अक्का शेतात गेल्यावर प्रेमसमोर बसले. तो एका हातानं घेवडा सोलत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

त्यानं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "दवाखान्यात. सहाव्या दिवशी. मानसिंगनं दाखवलं."

"आणि तुम्ही तीन वर्षं..."

"पाच दिवस तू जेवली नव्हतीस, छाया. भिंतीकडं तोंड करून बाकावर पडलेलीस. मी त्याला म्हटलं, तिला सांगू नका. त्यानं तुला कामावरून काढलं, त्या संध्याकाळी तू उठून बसलीस, त्याला शिव्या घातल्यास आणि दोन भाकरी खाल्ल्यास. मला वाटलं, असू दे. रागानं का होईना, जेवतीय."

"मग पुढच्या महिन्यात सांगायचं. पुढच्या वर्षी सांगायचं."

"नंतर जमलं नाही."

"माझ्या हातानं तुमचा हात गेला. आणि मी तुम्हालाच विचारत होते, राग का येत नाही म्हणून."

"आला होता की." घेवड्याकडेच बघत होता. "वर्षभर होता. तुझ्यावर. तू सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावायचीस ना, तेव्हा फार यायचा. मग कमी होत गेला."

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. इतका संताप आला की घेवड्याचं ताट भिंतीवर मारलं. मला काय सोसेल आणि काय नाही, हे दोन पुरुषांनी दार लावून ठरवलं! तीन वर्षं मी भलत्या माणसाला शिव्या घालत फिरले, आणि हे दोघं लहान मुलीला खेळणं द्यावं तसा तो राग माझ्या हातात ठेवून बघत राहिले. त्या रागावर मी एक होडी बांधली.

प्रेमशी मी बोलणार नाही. किती दिवस ते माहीत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शेडमध्ये गेले की नवी काठी दिसते. नळीवरून सोललेले दोन्ही तुकडे डब्यात आहेत, मी मोजले. प्रेमनं तीनदा बघितलं होतं, माझ्यासमोर. तरी बोट लावलं की हात मागं येतो. कापड खाली कुठंतरी आहेच असं वाटतं.

सकाळी करवत घेतली आणि काठी सांध्याच्या बरोबर मध्यावर कापली. प्रेम दारात उभा होता. थांब म्हणाला नाही. कापलेला काठ पॉलिश करून भिंगाखाली बघितला. नळी, गोंद, काठी, सगळं एकजीव. कुठं केसाएवढी फट नाही. चांगला सांधा होता. माझ्या हातचा सगळ्यात चांगला.

शर्यतीला अकरा दिवस राहिलेत आणि डोलकाठीचे दोन तुकडे पडलेत.

४ डिसेंबर, गुरुवार

किकवी. या वेळी फाटकात कुणी अडवलं नाही. मानसिंग टेबलाशी बसला होता. "बसा," म्हणाला. मी उभीच राहिले.

"कारण न सांगता काढलंत मला."

"तुम्हाला परत सांध्याला हात लावू देणं माझ्यानं झालं नसतं."

"मग तेच तोंडावर सांगायचं."

"प्रेमनं शब्द घेतला होता."

"त्यांनी घेतला आणि तुम्ही दिलात. मला कुणी विचारलं?"

मग मी विचारलं, जे दोन दिवस डोक्यात फिरत होतं. "सांधा मी केला. तपासला कुणी?"

त्यानं खणातून एक जुना कागद काढून माझ्यापुढं सरकवला. त्या दिवसाचा कामाचा कागद. करणार: छाया. तपासणार: खाली त्याची सही, ऐटदार, लांब शेपटीची.

"न बघता केली," म्हणाला. "तुमचं काम म्हणून. तुमचं काम मी कधी बघायचोच नाही. खरं सांगायचं तर तुम्ही रेझिनवरून शिव्या घालत होतात, ते मला बरंच पडलं. हा कागद कुणी मागितला नाही."

म्हणजे हा नुसता माझ्यावर दया करून गप्प बसला नव्हता. ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. आता राग करायला माणूस होता, आणि खऱ्या कारणासाठी.

"ऐका," मी म्हटलं, "काठी कापलीय मी. नवी नळी करतेय. सोमवारी दुपारी गोंद लावायचाय. तुम्ही यायचं. बघायचं आणि मग सही करायची."

"येतो."

"माफी मागायला येऊ नका. तपासायला या."

८ डिसेंबर, सोमवार

आला. अंगणात पाय ठेवला आणि अक्कांनी म्हशीच्या आंबोणाची बादली त्याच्या पायांवर उलटी केली. "ह्यो मुडदा हितं कशाला आला? माज्या लेकाचा दुसरा हात न्यायला?"

त्यानं बूट काढून बाहेर ठेवले आणि अनवाणी शेडमध्ये आला. प्रेमनं माझ्याकडे बघितलं. मी अक्कांना काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

मानसिंगनं वीस मिनिटं नळी बघितली. भिंगानं, बोटानं, ओल्या फडक्यानं. मग प्रेमनं बघितली. मग मी. तिघांचं झाल्यावर मी गोंद लावला आणि त्यानं कागदावर सही केली, बारीक अक्षरात, शेपटीशिवाय.

१४ डिसेंबर, रविवार

नऊ होड्या होत्या. सुरू व्हायच्या आधी मांडवात प्रत्येकाला आपल्या होडीबद्दल सांगायला बोलावतात. मी 'जाब' म्हटल्यावर लोकांनी माना वर केल्या. सहा महिने मी हे भाषण घोकलं होतं, पण त्यातला एक शब्दही कामाचा नव्हता. माईक धरून म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी इथं डोलकाठी पडली, माझ्या नवऱ्याचा हात गेला. मी सगळीकडे मानसिंगरावांच्या नावानं बोलत होते. तो सांधा मी केला होता. कापड सोलायचं माझ्याकडून राहिलं. त्यांनी न तपासता सही केली, तो त्यांचा दोष. आधीचा माझा."

मानसिंग पहिल्या रांगेत होता. उभा राहिला, म्हणाला, "खरं आहे," आणि बसला.

मी मांडवातल्या सतरंजीकडे बघितलं. अक्का शेंगा खात बसल्या होत्या. हातातली शेंग फोडलेली, दाणे तसेच. माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी घरी सांगायला हवं होतं. तोंड मिटलं त्याच दिवशी. सगळ्या जगाला सांगायचं धाडस केलं आणि त्या एका बाईला टाळलं.

मग पाण्यात. पंधरा दिवसांत प्रेमशी मी बोललेले हेच पहिले शब्द. तो "ओढ" म्हणायचा, मी "ओढलं" म्हणायचे. तो "ढील" म्हणायचा, मी "दिली". दुसऱ्या फेरीत वारा एकदम आला, होडी एका अंगावर गेली आणि काठी धनुष्यासारखी वाकली. मी सांध्याकडे बघत होते. प्रेमही तिकडेच बघत असणार. "धर," तो म्हणाला. मी म्हटलं, "धरलंय." काठी सरळ झाली.

मानसिंगच्या पुढं होतो की मागं, हे मी काठावर आल्यावर विचारलं. पुढं होतो. आमचा नंबर दुसरा.

सतरंजीवर अक्का नव्हत्या. एकट्याच एसटीनं निघून गेल्या होत्या. घरी आलो तर खोलीचं दार लावलेलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस अक्कांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. अंगणात तीन विटा मांडून स्वतःची भाकरी केली. प्रेम समजवायला गेला, आपणच लपवायला सांगितलं होतं म्हणाला, तर म्हणाल्या, "तू गप. तूबी चोरच." मी बॅग भरली. माहेरी जाऊन थोडे दिवस राहावं असं वाटलं. म्हातारीला डोळ्यांसमोर तरी नको.

बॅग घेऊन बाहेर आले तर त्या विटांपाशीच बसल्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"माहेरी. तुम्हाला त्रास नको."

"तरास!" म्हणाल्या. विस्तव विझत होता, त्यात काटकी सारत राहिल्या. "तीन वर्सं त्या बाबाला शिव्या घातल्या म्या. सकाळ उजाडली की पयली त्येला. पायावर आंबोन वतलं त्येच्या. त्यो न्हाई का हूं न्हाई. आता त्या शिव्या कुनाला घालू?"

"मला घाला."

"घालीन. सोडीन व्हय? माज्या लेकाचा हात हाय. मरस्तवर घालीन." मग मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे धुरानं लाल झाले होते, की कशानं. "पर तू माहेरी जाऊन बसलीस, तर तिकडं ऐकू येतील का तुला?"

मी उभीच राहिले.

"बॅग ठिव आत," अक्का म्हणाल्या, "आन् भाकर थाप. माजं मनगाट दुखाय लागलंय."

मी बॅग आत ठेवली आणि पिठाचा डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले. पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत पहिली शिवी आली. मी भाकरी उलटली.